धाकटा दांडा

आमच्या घरी गाडी आली तेव्हा आमच्या गावात रस्ता नव्हता. बोरिवलीच्या खाडीपलीकडचा आमचा कोळीवाडा म्हणजे माडांमधून जाणाऱ्या दोन पायवाटा, एक देऊळ, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या आणि समोर नजर पोचेल तिथवर वाळू. त्यामुळे जीप रस्त्यानं येणं शक्यच नव्हतं, ती पाण्यातून आली. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या आणि त्या फळ्यांवर ती उभी होती. हिरवट रंगाची, चौकोनी, डोक्यावर छप्पर नाही, पुढे दोन गोल दिवे. भरतीच्या पाण्यावर डुलत डुलत ती बंदराकडे येत होती आणि सगळा गाव किनाऱ्यावर उभा होता. कुणी बोलत नव्हतं. आमच्या गावात एवढी माणसं जमून कुणीच बोलत नाही, असं मी त्यानंतर फार वेळा पाहिलेलं नाही.

जीप घ्यायची कल्पना आयची. बाबा नाखवा होते, म्हणजे होडीचे मालक. होडीवर त्यांचा शब्द चालायचा आणि घरात आयचा. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून घ्यायच्या, पावसाळ्यानंतर परत पाण्यात ढकलायच्या, रोजच्या मासळीच्या पाट्या धक्क्यापर्यंत न्यायच्या, ही सगळी कामं तेव्हा माणसांच्या खांद्यांवर व्हायची. आयनं कुठल्यातरी दुसऱ्या कोळीवाड्यात जीप होडी ओढताना पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, “आपल्याला पन तशी पायजे. चारी चाकांनी ओढते ती, दोन नाय.” बाबांना चार चाकांतलं काही कळलं नाही. मलाही नाही. गाडीला चाकं चारच असतात, त्यात ओढणारी कुठली आणि नुसती फिरणारी कुठली, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मी तेव्हा शाळा संपवून घरी बसलेली होते, आणि आय म्हणते म्हणजे ते खरं असणार, एवढं मला पुरेसं होतं.

बाबांनी जीपला पहिल्या दिवसापासून होडीच मानलं. बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या बंपरला झेंडूची माळ बांधली आणि ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन तिच्यावर शिंपडलं. ते पाहून बाळामामा ओरडलाच, “भावजी, लोखंड हाय ते! खारं पानी नका मारू!” बाळामामा हा आयचा धाकटा भाऊ. डोंगरातल्या रस्त्याच्या कामांवर त्यानं कितीतरी वर्षं जीप चालवली होती. गुडघ्यानं दगा दिला म्हणून तो काम सोडून आमच्याकडे राहायला आला होता, आणि जीप शिकवायची जबाबदारी आयनं त्याच्यावर टाकली होती. संध्याकाळी अंगणात जीप उभी केल्यावर बाबांनी आणखी एक गोष्ट केली. होडीचा जुना नांगर आणला, दोर बंपरला बांधला आणि नांगर माडाच्या बुंध्यात अडकवला. मामानं त्यांना हँडब्रेक दाखवला, चाकामागे लावायचा दगड दाखवला. बाबांनी दोन्ही नीट पाहून घेतलं आणि दोर आणखी घट्ट केला. बांधल्याशिवाय सोडलेली वस्तू सकाळी जागेवर सापडते, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मग जीप आमच्या घरातलीच झाली. वलांड्यांवरच्या बोंबलांचा वास तिच्या सीटमध्ये शिरला तो कायमचा. दुपारी कोंबड्या तिच्या सावलीत बसायच्या, आय पुढच्या मडगार्डवर धुतलेली फडकी वाळत घालायची. सकाळी मामा इंजिन चालू करायचा तेव्हा आधी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग एकदम सगळं अंगण थरथरायचं आणि चुलीवरच्या टोपावरचं झाकण वाजायचं. आय आतून ओरडायची, “बाळ्या, कालवन सांडेल माजं!” पण तिच्या आवाजात राग नसायचा. मी भाकऱ्या थापायचं सोडून दारात येऊन उभी राहायचे. खरं सांगायचं तर मी त्या गाडीच्या प्रेमातच पडले होते. त्या वयात मुली दुसऱ्या कुणाच्या तरी प्रेमात पडतात, मी लोखंडाच्या पडले.

घरातल्या जेवणाचं इथं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मोठा मासा रांधला की त्याचं डोकं त्या दिवशी ज्यानं होडीचं सुकाणू धरलं असेल त्याच्या ताटात जायचं. बहुतेक वेळा ते बाबा असत, क्वचित माझा मोठा भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादूस म्हणायचो. मधले तुकडे खलाशांना आणि पाहुण्यांना. शेपटीकडचं आम्हा बायकांना. कुणी कधी हा नियम बोलून दाखवला नव्हता आणि कुणी कधी मोडलाही नव्हता. मला माशाचं डोकंच आवडायचं. गालातलं मऊ मांस, डोळ्यामागचा चिकट भाग, चिंचेच्या आंबट रश्श्यात बुडालेला. बाबा ते चोखून खात असताना मी माझी शेपटी मुकाट्यानं खायचे आणि मनातल्या मनात धुसफुसायचे.

जीप शिकायची ती खरं तर बाबांनी. तसं ठरलं होतं. मामानं त्यांना वाळूवर नेलं, शेजारी बसला, आणि आम्ही सगळे लांबून बघत राहिलो. जीप निघाली, सरळ गेली, छान गेली. मग समोर एक उपडी होडी आली. मामा ओरडला, “डावीकडं!” आणि बाबांनी स्टिअरिंगचं चाक जिवाच्या आकांतानं उजवीकडे फिरवलं. सगळं आयुष्य त्यांनी सुकाणूचा दांडा धरला होता. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, आणि हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, हातात होतं. होडीला धडकता धडकता जीप थांबली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शांतपणे चालवताना ते बरोबर वळवायचे, पण घाई झाली की हात उलटे चालायचे. शेवटी एका वलांडीत गाडी घुसली आणि अंगभर ओले बोंबील घेऊन बाबा खाली उतरले. “उलटी वलते ती,” ते एवढंच म्हणाले आणि जाळं विणायला बसले. गावानं ते बरेच दिवस चघळलं. आय हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू कदी सुकानू धरलंय?” मी म्हटलं, “मना कोन धरू देतंय?” “झकास. मंग तूच शिक.”

बाळामामाची शिकवणी म्हणजे मंत्रच होते. किल्लीला हात लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. खाली कोंबडी, मांजर, कुणाचं रांगणारं पोर नाही ना ते वाकून बघायचं. टायर बघायचे, तेल बघायचं, रेडिएटरमधलं पाणी बघायचं. मग बसायचं. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, तो खरंच न्यूट्रलमध्ये आहे का ते हलवून बघायचं. क्लच पूर्ण दाबायचा. गार इंजिनाला चोक ओढायचा, आणि मग पायाखालचं बटण. इंजिनानं पकडलं की बटण लगेच सोडायचं. आणि चाक धरताना अंगठे बाहेर. याच्यावर मामा फार कडक होता. “पुडचं टायर दगडावर आपटलं का चाक उलटं फिरतं. अंगठा आत असला तर मोडून हातात येल. बाहेर!” आता माझी सत्तरी जवळ आली. अजून कुठल्याही गाडीचं चाक धरलं की माझे अंगठे आपोआप बाहेर राहतात, आणि माझा नातू हसतो.

पण मला खुळं केलं ते दांड्यांनी. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे होते. मोठ्याला आम्ही थोरला म्हणायचो, मग मधला आणि धाकटा. मधला टाकला की पुढची चाकंही ओढायला लागायची. मऊ वाळूत नुसती मागची चाकं जिथं रुतायची, तिथं मधला टाकल्यावर गाडी जणू कुणी हात धरून नेल्यासारखी निघायची. मात्र कडक जमिनीवर आलं की मधला काढायचा, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडतात आणि दांडा अडकून बसतो, असं मामा सांगायचा. धाकट्याचं काम सगळ्यात वेगळं. तो टाकला की गाडीचा वेग जायचा आणि सगळी ताकद चाकांत उतरायची. तो पडायचा गाडी उभी असतानाच, आणि मधला आधी पडलेला असेल तरच. पहिल्यांदा मामानं मला धाकटा टाकायला लावला तेव्हा मागे आमची भरलेली होडी बांधलेली होती. मी क्लच सोडला. इंजिनानं एक लांब, खालच्या पट्टीतला सूर धरला आणि जीप माणसाच्या चालीपेक्षाही हळू निघाली. मागे दोर ताणला, लाकूड करकरलं, आणि एरवी सगळ्या आळीला हाकारे घालत ओढावी लागणारी होडी वाळूवरून मुकाट्यानं वर येऊ लागली. मी पाय जवळजवळ काढूनच घेतला होता. एवढी मोठी ताकद असते आणि ती इतकी हळू चालते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

“मना सांग, रुतली तर काय करशील?” मामा रोज विचारायचा.

“रेस नाय द्यायची.”

“का गो?”

“चाक फिरतं आनि आपलाच खड्डा खनतं.”

“मंग?”

“पाय काडायचा. टायरमदली हवा कमी करायची. चाकं सरल. मधला, मंग धाकटा. आल्या वाटंनं मागं.”

“आनि पान्यात?”

“गिअर बदलायचा नाय, पाय काडायचा नाय.”

हे सगळं मी पाढे म्हणावे तसं म्हणायचे. उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ती अवसेची सकाळ होती. मामा नात्यातल्या लग्नाला वसईकडे गेला होता. अवसेला आमच्याकडे पहाटे पाणी पार ओसरतं, एवढं की समुद्र कुठं गेला असं वाटावं, आणि मग ते जसं जातं तसंच वेगानं परत येतं. बाबांची होडी पहाटेच परतली, पण पाणी नव्हतं म्हणून लांब चिखलातच टेकली. थोड्या वेळानं बाबा आणि दोन खलाशी दादूसला खांद्यांवर घेऊन वाळू तुडवत आले. जाळं ओढताना ताणलेला दोर तुटला होता आणि त्याच्या टोकाच्या लोखंडी कडीनं दादूसचा हात कोपरापासून खाली फाडला होता. बाबांनी लुंगी फाडून वर आवळून बांधली होती, तरी कापड भिजत होतं. दादूसचा काळा तुकतुकीत चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. दवाखाना टोकापलीकडच्या गावात. होडीनं न्यायचं तर खाडीत पाणी भरेपर्यंत थांबावं लागणार. वाळूवरून टोकाला वळसा घालून जाता येत होतं, पण ओहोटी होती तोवरच. एकदा पाणी टोकाच्या खडकांना लागलं की ती वाट बंद.

आय म्हणाली, “काड गाडी.” एवढंच. मी गाडीभोवती फेरी मारली. त्या घाईतही मारली, आणि खाली झोपलेली कोंबडी हाकलली. बाबांचा नांगर सोडला. दादूसला मागे आडवा घातला, बाबा त्याचा हात धरून शेजारी बसले, आय माझ्या बाजूला. चोक, बटण. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. वाळूवर उतरताना मधला टाकला.

टोकाच्या अलीकडे एक ओढा समुद्राला मिळतो. दर पावसाळ्यात तो आपलं तोंड हलवतो. वरून वाळू सपाट दिसत होती, पण खाली ओढ्याचं पाणी मुरलेलं होतं. पुढची चाकं गेली, मागची बसली. गाडी एकदम खाली दबल्यासारखी झाली आणि थांबली. मी पाय काढला. समुद्राकडे पाहिलं तर फेसाची पहिली रेघ आमच्याकडे सरकताना दिसत होती.

बाबा मागून शांत आवाजात म्हणाले, “बंद कर इंजिन. हलवू नको. पानी येऊ दे, पानी उचलील तिला.”

यात त्यांचा मूर्खपणा नव्हता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. चिखलात टेकलेली होडी जोर लावून निघत नाही, तिचा तळ फुटतो. भरतीची वाट बघायची, पाणी आपलं आपण तिला अलगद उचलतं. ज्या शहाणपणावर त्यांचं आयुष्य तरलं होतं तेच ते सांगत होते. आणि होडीवर नाखव्याचा शब्द कुणी मोडत नाही. मीही तोवर कधी मोडला नव्हता.

“बाबा,” मी म्हटलं, “ही तरंगत नाय. ही भरते.”

मागे दादूस कण्हला. आयनं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. “काय करू सांग.”

“हवा काडायची टायरची.”

तिनं अंबाड्यात हात घातला आणि केसांचा आकडा उपसला. मीही माझा काढला. तिच्या बाजूची दोन चाकं तिनं, माझ्या बाजूची मी. आकड्याचं टोक टायरच्या तोंडात दाबून आम्ही दोघी वाळूत गुडघे टेकून बसलो. हवा फुसफुसत बाहेर येत होती आणि त्या आवाजाच्या पलीकडे समुद्राचा आवाज वाढत होता. आयचे केस सुटून पाठीवर पसरले होते. एक लाट येऊन आमच्या पायांना लागून गेली. टायर खाली पसरट झाले तेव्हा मी “पुरे” म्हटलं. मासळीच्या पाटीनं आम्ही मागच्या चाकांमागची वाळू उपसली.

बाबा खाली उतरायला लागले. ढकलायला असावेत. “नका उतरू,” मी म्हणाले. “दादूसचा हात वर धरून बसा.” मी त्यांना हुकूम दिला होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. ते बसले.

चाकं सरळ केली. क्लच. धाकटा पडेना. मी क्लच सोडून पुन्हा दाबला, पुन्हा ओढला, आणि तो खट्कन आत गेला. रिव्हर्स. अंगठे बाहेर. क्लच अगदी हळूहळू सोडला. इंजिनानं तो खालचा सूर धरला. काही क्षण काहीच झालं नाही, नुसता सूर. मग गाडी किंचित मागे कलली, चारी चाकांनी वाळू धरली आणि ती आपल्याच खुणांवरून, अजिबात न घसरता, मागे यायला लागली. आय मोठमोठ्यानं एकवीरेचं नाव घेत होती.

कडक जागेवर आल्यावर मी थांबले. समोर ओढा, वरच्या बाजूला मऊ वाळू, खालच्या बाजूला येणारा समुद्र. मामाच्या पाढ्यात याच्यापुढचं काही नव्हतं. तेव्हा माझ्या खांद्यावरून बाबांचा हात पुढे आला आणि त्यानं सरळ पाण्याकडे बोट दाखवलं.

“तिथून घे. लाटेच्या रेघा दिसतात ना, ती वालू कडक. ओढ्याचा चिखल तिथं नाय. भरतीत ती जागा होडीच्या तलाला दगडासारखी लागते.”

“पान्यातून?”

“पान्यातूनच. जा.”

गाडी वाचवायची आणि ती समुद्रात न्यायची, हे माझ्या डोक्यात बसेना. पण पाण्याखालची जमीन त्यांना जेवढी माहीत होती तेवढी कुणालाच नव्हती. मी दुसरा गिअर टाकला आणि जीप पाण्यात घातली. पाणी आधी टायरला लागलं, मग फूटबोर्डला. एक लाट बाजूनं येऊन आपटली आणि आमच्या मांड्या भिजल्या. गिअर बदलायचा नाय, पाय काडायचा नाय. बाबांचा हात माझ्या डोळ्यांसमोर होता, कधी थोडा डावीकडे, कधी उजवीकडे, आणि मी तो जसा वळेल तशी वळत होते. इंजिनाचा सूर बदलला नाही. सगळा समुद्र आमच्या अंगावर येत होता आणि ते लोखंड त्यातून चाललं होतं, घाई नाही, भीती नाही, एकेक पाऊल टाकल्यासारखं. मी देवळात इतक्या वेळा गेलेय, पण तिथं जे वाटायला हवं असं म्हणतात ते मला खरं तर त्या पाण्यात वाटलं. टोकाचा खडक आमच्या उजव्या हाताला आला, मागे गेला, आणि पुढची चाकं कोरड्या वाळूवर चढली.

दादूसचा हात वाचला. दवाखान्यात टाके घातले, मग तिथून त्याला बोरिवलीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि काही दिवसांनी तो गळ्यात झोळी अडकवून घरी आला. मामानं परत आल्यावर सगळी गाडी गोड्या पाण्यानं धुतली, खालून, वरून, चाकांच्या आतून, आणि धुताना मला प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. बाबांनी मात्र संध्याकाळी पुन्हा नांगर टाकला. ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आता आमच्या गावात डांबरी रस्ता आहे, शनिवार-रविवारी शहरातल्या चकचकीत मोटारी येतात. परवा एका तरुणानं मला त्याची गाडी दाखवली. नुसतं एक बटण फिरवलं की चारी चाकं ओढतात म्हणे. मी त्याला विचारलं, धाकटा कुठाय? त्याला कळलं नाही. मी समजावलंही नाही.

दादूस घरी आला त्या दिवशी आयनं मोठा रावस आणला. बाबा सकाळीच समुद्रावरून आले होते, सुकाणू त्यांनीच धरलं होतं. ओळीनं ताटं मांडली, आयनं रश्श्यातून डोकं उचललं आणि नेहमीप्रमाणे बाबांच्या ताटात वाढलं. बाबांनी ते पाहिलं. मग दोन्ही हातांनी उचलून, रस्सा ठिबकत असताना, माझ्या ताटात ठेवलं.

आय म्हणाली, “अवो, आज तुमीच होतात ना सुकानूवर?”

“आजचं नाय ते,” बाबा म्हणाले. “अवसेचं ऱ्हायलं होतं.”

मामा जेवायचा थांबला. मी ताटाकडे बघत बसले, माझा हातच पुढे जाईना. शेवटी दादूसनं डाव्या हातानं भाकरी मोडत मला कोपर मारलं.

“खा गो, थंड होतंय.”